भामरागडला निघताय? फोनच्या भरवशावर या सात चुका करू नका

बँकॉकला जायचं ठरलं की आपण काय काय करतो बघा. दोन महिने आधीपासून व्हिडिओ पाहतो, ई-सिम कुठलं घ्यायचं याची चौकशी करतो, नोटा कुठे बदलायच्या ते विचारून ठेवतो, पासपोर्टच्या तीन झेरॉक्स काढतो. आणि भामरागडला जायचं ठरलं की? मॅपमध्ये नाव टाकतो, निळी रेघ आली की गाडी काढतो. 'आपल्याच महाराष्ट्रात तर जायचंय' हे त्यामागचं लॉजिक.

गंमत अशी की फोनच्या दृष्टीने बँकॉक घरासारखं आहे आणि भामरागड परदेश. बँकॉकला विमानतळाबाहेर येईपर्यंत फोन नेटवर्क पकडतो, मॅप ताजा असतो, कार्ड चालतं. भामरागडच्या रस्त्यावर यातली एकेक गोष्ट गळत जाते, आणि ती गळतेय हे फोन तुम्हाला सांगत नाही. तो निळी रेघ दाखवतच राहतो.

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पुण्याच्या दोन मित्रांना घेऊन मी भामरागडला निघालो होतो. 'आपल्याच भागात जातोय, मला काय सांगता' या तोऱ्यात सगळं प्लॅनिंग मीच केलं होतं. खाली दिलेल्या सातपैकी पाच चुका मी स्वतः केल्या आहेत. त्यामुळे हा लेख उपदेश नाही, आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट आहे.

आधी जागा समजून घेऊ

भामरागड हा गडचिरोली जिल्ह्यातला अगदी पूर्वेकडचा तालुका. पलीकडे छत्तीसगड. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम इथे होतो. चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून आलात तरी आष्टीमार्गे आलापल्लीला यावं लागतं. तिथून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि मग भामरागड. आलापल्लीपासूनचं हे अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, जवळजवळ सगळं जंगलातून. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार किलोमीटर, आणि त्या तीन-चार किलोमीटरमध्ये पर्लकोटा नदी. हे नाव लक्षात ठेवा.

आता एकेक चूक बघू.

चूक पहिली: निळी रेघ म्हणजे रस्ता, असं समजणं

मॅपचं ॲप रस्ता शोधतं कसं? त्याच्या दृष्टीने जग म्हणजे ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघा. चौक, फाटे हे ठिपके. त्यांच्यामधले रस्ते या रेघा. प्रत्येक रेघेला एक आकडा चिकटवलेला असतो: इथून तिथे जायला लागणारा वेळ. तुम्ही पत्ता टाकला की ॲप असा मार्ग काढतं, ज्यावरच्या आकड्यांची बेरीज सगळ्यात कमी येईल. इंजिनिअरिंगला ज्यांनी डायक्स्ट्राचा अल्गोरिदम घोकला असेल, त्यांना हे आठवेल. प्रत्यक्षात वापरतात ते त्याचेच सुधारलेले भाऊबंद.

यात पूलसुद्धा एक साधी रेघच असतो. त्यावर पाणी आलं, तर ती रेघ तात्पुरती काढून टाकायला हवी. पण ती काढणार कोण? एकतर कुणीतरी ॲपवर कळवायला हवं, नाहीतर त्या रस्त्यावरचे फोन अचानक थांबलेत हे सर्व्हरला दिसायला हवं. पुण्यात सिंहगड रोड तुंबला तर हजारो फोन एका मिनिटात ते सांगतात. पर्लकोटाच्या पुलावर पाणी आलं तेव्हा तिथे मुळात किती फोन असतात, आणि त्यातल्या किती फोनना नेट असतं?

याची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी मॅप पाहून चाललेली एक गाडी थेट धरणाच्या पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल काही महिने बुडालेला होता. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, मॅपला नव्हतं. गाडीतले दोघे बाहेर पडले, एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुराने अर्धवट वाहून गेलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. तिथेही मॅपवर पूल अखंड होता.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला होता की ॲपल मॅप्सवर मिल्ड्युरा शहर शोधू नका. कारण मॅप लोकांना शहरापासून दूर, पाणी नसलेल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी नेऊन सोडत होता.

भामरागडच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. नकाशावर छत्तीसगडमधलं नारायणपूर जवळ दिसतं आणि मध्ये राष्ट्रीय महामार्ग १३०-डी असा झोकदार नंबरही दिसतो. पण या दोघांच्या मध्ये अबुझमाड आहे. रस्त्याला नंबर मिळणं आणि रस्ता पूर्ण होणं या दोन वेगळ्या तारखा असतात. रायपूरकडून येणाऱ्यांनीही 'शॉर्टकट' न शोधता आलापल्लीचाच रस्ता धरावा.

चूक दुसरी: मॅपने दिलेली वेळ खरी मानणं

'दोन तास दहा मिनिटं' हा आकडा येतो कुठून? त्या रस्त्यावरून आधी गेलेल्या फोनचा वेग, आत्ता जाणाऱ्या फोनचा वेग, रस्त्याचा प्रकार आणि वेगमर्यादा, या सगळ्यांच्या मिश्रणातून. शहरात हा अंदाज भन्नाट बरोबर येतो, कारण माहितीचा पूर असतो. जंगलातल्या रस्त्यावर माहिती तुटपुंजी, त्यामुळे अंदाजाचा भार रस्त्याच्या प्रकारावर पडतो. महामार्ग आहे ना? मग गाडी अमुक वेगाने जाईल.

त्या हिशेबात खड्डे नसतात, रस्त्यात बसलेली गुरं नसतात, नाल्यावरचं पाणी उतरायची वाट पाहण्यात गेलेला पाऊण तास नसतो, तपासणी नाक्यावर थांबणं नसतं. म्हणून साधा नियम: आलापल्लीच्या पुढे मॅप सांगेल त्याच्या दीडपट वेळ धरा, पावसाळ्यात दुप्पट. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं असं उलटं गणित मांडा. म्हणजे 'किती वाजता निघू' यापेक्षा 'पाच वाजता पोचायचं असेल तर आलापल्ली किती वाजता सोडायला हवं' असं विचारा.

चूक तिसरी: 'नेट नाही म्हणजे जीपीएस नाही' असं समजणं

ही चूक उलट्या बाजूची आहे. नेटवर्क गेलं की बरेच जण फोन खिशात टाकतात. पण जीपीएसला इंटरनेट लागतच नाही.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एवढंच सांगत असतात: 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.' तुमचा फोन हे फक्त ऐकतो, उलट काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रह ऐकू आले की त्यांचे संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन स्वतःची जागा काढतो. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागत नाही, तसंच हे.

मग नेट कशाला लागतं? दोन गोष्टींना. एक, नकाशाचं चित्र डाउनलोड करायला. दोन, सुरुवात पटकन व्हायला. कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती एरवी फोन नेटवरून झटकन घेतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रहाचा वेग सेकंदाला फक्त ५० बिट. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून जंगलात फोन चालू केल्यावर निळा ठिपका लगेच आला नाही तर घाबरू नका. मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मिनिटं शांत उभे राहा.

तयारी काय करायची? घरच्या वायफायवर असतानाच चंद्रपूर, गडचिरोली आणि छत्तीसगडची सीमा यांचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा रस्ता मिळतो, ताजं ट्रॅफिक आणि पायवाटा मिळत नाहीत. म्हणून जोडीला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ठेवा. हा नकाशा लोकांनीच बनवलेला असल्याने काही ठिकाणी गावांची आणि पायवाटांची माहिती जास्त मिळते. मात्र एक नकाशा दुसऱ्याला खोटं पाडतोय असं दिसलं तर दोन्ही बंद करा आणि माणसाला विचारा.

परदेशातही हेच लागू. दक्षिण कोरियात गूगल मॅप्स अनेक वर्षं गाडीचा रस्ताच दाखवत नव्हतं, कारण तिथल्या सरकारने नकाशाची बारीक माहिती देशाबाहेर नेऊ दिली नव्हती. चीनमध्ये तर नकाशे मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर बनतात. एकच ॲप जगभर सारखं चालेल, हा भ्रम विमानात बसायच्या आधीच सोडा.

चूक चौथी: चार काड्या दिसल्या म्हणजे नेट आहे, असं समजणं

फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या फक्त एकच गोष्ट सांगतात: तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला संबंध किती दमदार आहे. टॉवरच्या मागे काय आहे, ते त्या सांगत नाहीत. नळ चकचकीत आहे, पण टाकीत पाणी आहे का?

शहरात टॉवरच्या मागे फायबर असतं. दुर्गम भागात कित्येकदा टॉवरला मायक्रोवेव्हच्या उड्या मारत किंवा व्हीसॅटमार्गे, म्हणजे उपग्रहावरून जोडलेलं असतं. तो पाइप अरुंद. अख्ख्या गावाने एकाच वेळी व्हिडिओ लावले की काड्या पूर्ण आणि पान मात्र उघडत नाही. शिवाय टॉवरला वीज लागते. लाइन गेली, बॅटरी उतरली, की टॉवरही झोपतो.

नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये बीएसएनएलचे जे दोन हजारांवर टॉवर मंजूर केले, ते टूजी होते. बोलणं आणि एसएमएस यासाठी ठीक, नेटसाठी कठीण. ते फोरजी करायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या फोरजी टॉवरवर वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राहक जोडले जातील अशी सोयही सुरू झाली. परिस्थिती सुधारतेय, पण एका गावात आहे म्हणून पुढच्या गावात असेलच असं नाही.

म्हणून दोन कंपन्यांची सिम ठेवा, आणि त्यातलं एक बीएसएनएलचं असेल तर बरं. ते निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर आधी चालू करून बघा. आणि एक महत्त्वाची गोष्ट: बँकेला जोडलेलं सिम काढून त्या जागी नवं सिम घालू नका. यूपीआय ॲप तुमच्या सिमला बांधलेलं असतं. सिम बदललं की ते पुन्हा नोंदणी मागतं, त्यासाठी एसएमएस जावा लागतो, आणि जिथे तो जात नाही नेमक्या तिथेच हे सुचतं.

बॅटरीचंही इथेच सांगतो. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त ताकद लावून ओरडतो आणि सतत टॉवर शोधत राहतो. एरवी दिवसभर पुरणारी बॅटरी दुपारीच लाल होते. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतो, कारण तो फक्त ऐकतो. पॉवर बँक एक नाही, दोन घ्या.

चूक पाचवी: पाकीट घरी, यूपीआय आहे ना

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक हीच. हेमलकशाच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही तिघांनी चहा-भजी खाल्ली. क्यूआर कोडचा स्टिकर समोर चिकटवलेला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. स्कॅन केलं, पिन टाकला, आणि चक्र फिरतच राहिलं. तिघांचे फोन झाले. खिशात होती पाचशेची एकच नोट, आणि मावशींकडे सुट्टे नव्हते.

यूपीआयचा एक व्यवहार म्हणजे निरोपांची साखळी असते. तुमचं ॲप, तुमची बँक, मध्ये एनपीसीआय, समोरच्याची बँक, आणि मग उलट उत्तर. साखळीची पहिली कडी म्हणजे तुमचा डेटा. तोच नसेल तर पुढचं काही हलत नाही. 'यूपीआय लाइट' आहे की, असं कुणी म्हणेल. लाइटमध्ये पिन टाकावा लागत नाही आणि रक्कम छोटी असते हे खरं, पण साध्या लाइटलाही नेट लागतं. स्टार ९९ हॅश हा बँकेचा नंबर इंटरनेटशिवाय चालतो, पण त्याला टॉवर तरी हवाच. आणि चक्र फिरत असताना तीन वेळा पैसे पाठवू नका. नेट आल्यावर तिन्ही गेलेले दिसतात आणि मग परताव्याची वाट पाहावी लागते.

मावशींनी एक वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: 'पुनेवाले, चाय-भजे.' म्हणाल्या, "परत जाताना देजा ना भाऊ, पळून थोडी जाता." आमच्या तिघांच्या फोनवर मिळून पाच पेमेंट ॲप होती. त्या दिवशी चाललं ते त्या वहीचं.

उपाय सोपा आहे. आलापल्लीच्या आधीच दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा करून घ्या. पेट्रोलची टाकीही तिथेच फुल करा. परदेशातही आपलं यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा मोजक्या देशांत, तेही ठरावीक ठिकाणीच चालतं, आणि त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो. रोख पैसा जुना झालाय, निकामी नाही.

चूक सहावी: भामरागडचं हवामान बघून भामरागडला जाणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आम्ही निघालो त्या सकाळी हवामानाचं ॲप उघडलं. भामरागड: अंशतः ढगाळ, पावसाची शक्यता कमी. अंदाज तंतोतंत खरा ठरला, ऊन होतं. हेमलकसा ते भामरागड सहा मिनिटं, असं मॅप सांगत होता. आम्ही पर्लकोटापाशी पोचलो तर पूल दिसेना. कठड्याच्या जागी गढूळ पाणी, आणि अलीकडे शांतपणे थांबलेल्या दहा-बारा दुचाक्या. कुणी डबा खात होतं, कुणी झाडाखाली आडवं झालेलं.

तिथल्या एका आजोबांना मी विचारलं, "पाऊस तर नाही, मग पूर कसा?" ते हसले. "पाऊस इथं नाही ना बाबू, तिकडं बस्तरात पडून राहिला दोन दिवसांपासून. इंद्रावती भरली की ही मागं फुगते."

एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या ॲपला सांगता आलं नव्हतं. इंद्रावती उगम पावते ओडिशातल्या कालाहंडीत, बस्तरमधून वाहत इथे येते. पर्लकोटा तिला भामरागडजवळ मिळते. इंद्रावती तुडुंब असली की पर्लकोटाच्या पाण्याला पुढे जायला जागाच राहत नाही, ते मागे चढतं. म्हणजे भामरागडच्या पुराचं कारण शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्या राज्यात, दोन दिवस आधी घडलेलं असू शकतं. आणि आपण ॲपमध्ये फक्त त्या एका ठिपक्याचा पाऊस बघत असतो. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड असं पुन्हा पुन्हा पाण्याने वेढलं गेलं होतं. बाजारपेठेत पाणी शिरलं होतं.

मग बघायचं काय? भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघा, पण फक्त गडचिरोलीचा नाही. बस्तर, दंतेवाडा, नारायणपूर, विजापूर यांचाही. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं ॲप २०२३ पासून आहे, त्यात इंद्रावतीची पातळी बघा. पाणी चढतंय की उतरतंय, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पुरामुळे बंद असलेल्या मार्गांची यादी जाहीर करतं, ती शोधा. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. जिल्ह्याबाहेरून लावताना तिथला एसटीडी कोड आधी जोडावा लागतो. आणि सगळ्यात सोपं: आलापल्लीच्या एसटी स्टँडवर जाऊन विचारा, 'भामरागडची गाडी गेली का?' एसटी गेली नसेल तर तुम्हीही जाऊ नका. यापेक्षा भरवशाचा सेन्सर मला अजून सापडलेला नाही.

आम्ही त्या दिवशी चार तास थांबून परत फिरलो. आमचा वीकेंड बुडाला, एवढंच. पण तिथे थांबलेल्यांपैकी एका बाईंच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर होतं. त्या नदीच्या या बाजूला होत्या म्हणून हेमलकशाच्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. घर पलीकडे होतं. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे, ताप तिथे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नसते. 'पलीकडे असतो आणि पाणी आलं असतं तर?' हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आमच्यासाठी जो ट्रिपमधला अडथळा होता, तो त्यांच्यासाठी दरवर्षीचा पावसाळा होता.

म्हणून माझा सल्ला: सहलच करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा. पावसाळ्यात तिथे अडकलेला प्रत्येक पर्यटक म्हणजे आधीच ताणलेल्या यंत्रणेवर आणखी एक जबाबदारी.

चूक सातवी: कॅमेरा आधी, माणूस नंतर

भामरागडमध्ये माडिया गोंड लोक राहतात. केंद्र सरकारने त्यांना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांमध्ये गणलं आहे. त्यांची माडिया भाषा द्रविड कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. फोनवरची भाषांतराची ॲप इथे फारशी उपयोगी नाहीत. केंद्राच्या 'आदि वाणी' ॲपमध्ये २०२५ पासून छत्तीसगडकडची गोंडी आली आहे, पण माडिया बोलणारे आजोबा आणि ते ॲप यांचं जमेलच असं नाही. स्थानिक माणूस सोबत घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे द्या.

फोटो काढायच्या आधी विचारा. भाषा येत नसेल तर फोन दाखवून खूण करा आणि समोरचा चेहरा वाचा. मान हलली नाही तर 'हो' समजू नका. रीलसाठी कुणाच्या अंगणात, घोटुलात शिरू नका. २०१२ मध्ये अंदमानात जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर नाचक्की झाली होती. तिथून शिकण्यासारखं खूप आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं लोकेशन टॅगिंगही बंद करा. नाहीतर प्रत्येक फोटोच्या पोटात त्या अंगणाचे अक्षांश-रेखांश लपून बसतात, आणि काही ॲपमधून पाठवताना ते तसेच पुढे जातात.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटेंनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला, त्यासाठी त्यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे दवाखाना आहे, आश्रमशाळा आहे, जखमी आणि अनाथ प्राण्यांचा निवारा आहे. ते पिकनिक स्पॉट नव्हे. जायच्या आधी संपर्क करून वेळ आणि नियम विचारून घ्या. रुग्णांचे फोटो तर नकोच.

पोलीस ठाणी, मदत केंद्रं, सुरक्षा दलांचे कॅम्प, तपासणी नाके यांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. डॅशकॅम असेल तर नाक्याआधी बंद करा. ड्रोन घरीच ठेवा. २५० ग्रॅमच्या आतला 'नॅनो' ड्रोन असला तरी हा संवेदनशील जिल्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही. तसंच, परदेशातून मागवलेलं सॅटेलाइट कम्युनिकेटर किंवा सॅटेलाइट फोन 'सेफ्टीसाठी' आणू नका. परवान्याशिवाय ते वापरणं भारतात बेकायदा आहे. आयफोनची उपग्रहावरून एसओएसची सोयही भारतात चालू नाही.

मग संकटात काय? ११२ लावा. आपत्कालीन कॉलसाठी तुमचा फोन कुठल्याही कंपनीचा टॉवर वापरू शकतो, त्यामुळे स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी प्रयत्न करा. रुग्णवाहिकेसाठी १०८. पण टॉवरच नसेल तर कुठलाच नंबर लागत नाही. म्हणून निघताना घरच्यांना कागदावर लिहून द्या: कुठल्या रस्त्याने जाणार, कुठे मुक्काम, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. फोन नव्हते तेव्हा आपले आजी-आजोबा प्रवासाला निघताना हेच करायचे.

निघायच्या आदल्या रात्रीची यादी

- दोन ॲपमध्ये ऑफलाइन नकाशा, आणि फ्लाइट मोडवर तो उघडतो का याची घरीच चाचणी
- दोन कंपन्यांची चालू सिम, बँकेचं सिम जागेवर
- दोन भरलेल्या पॉवर बँक आणि गाडीचा चार्जर
- सुट्ट्या नोटा. आलापल्लीला फुल टाकी
- गडचिरोलीबरोबर बस्तरकडच्या जिल्ह्यांचा हवामान इशारा आणि इंद्रावतीची पातळी
- मुक्कामाचं ठिकाण फोनवर बोलून पक्कं केलेलं, नुसतं ॲपवर बघून नव्हे
- महत्त्वाचे नंबर कागदावर
- मच्छरदाणी किंवा मच्छर पळवणारं मलम; परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'गडचिरोलीला जाऊन आलो' हे आवर्जून सांगणं
- कॅमेऱ्याचं लोकेशन बंद

ही यादी थोडी बदलली तर व्हिएतनामलाही चालेल आणि केनियालाही. परदेशात आपण जास्त सावध असतो, कारण आपल्याला तिथलं काही माहीत नाही हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. आपल्याच राज्यात तेवढं मान्य करणं जड जातं.

आम्ही परत फिरलो तेव्हा टपरीवर थांबलो. पाचशेची नोट दिली, तोवर मावशींकडे सुट्टे जमले होते. त्यांनी वहीतल्या आमच्या नावावर काट मारली आणि विचारलं, "मिळाला का रस्ता?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले विचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं ना."

खरंच. त्यांना विचारायला मला नेटसुद्धा लागलं नसतं.